ओवीतली नावाची जागा

सोनाळे मॅडम समितीच्या बैठकीत खोटं बोलल्या, ते एकाच शब्दात. "नाही."

नोव्हेंबरातला रविवार होता. माणिकप्पा डॉक्टरांच्या दवाखान्यावरच्या खोलीत सात-आठ माणसं चहा पीत बसली होती. नांदेडात दर जानेवारीत तीन दिवस भरणाऱ्या विश्वसंगीत महोत्सवाची ती समिती. डॉक्टर मूळचे उदगीरचे, महोत्सव त्यांच्याच डोक्यातून निघालेला. "नांदेडात निम्मं जग आधीच राहतंय," ते नेहमी म्हणत. "उरलेलं निम्मं आपण विमानानं आणू." आणि खरंच, एकाच मांडवात गुरुद्वाऱ्यातलं रबाबावरचं कीर्तन व्हायचं, कंधारची कव्वाली व्हायची, हिमायतनगरकडच्या तांड्यावरच्या बंजारा बाया होळीची लेंगी म्हणायच्या, लातूरकडचे कुणी कन्नड वचनं गायचे आणि त्यांच्या मागोमाग कुठल्या कुठल्या देशाची माणसं आपापली वाद्यं घेऊन मंचावर चढायची. पाहुण्यांचं बोलणं मराठीत आणि इथल्यांचं इंग्रजीत सांगायचं काम सोनाळे मॅडमकडे. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. त्यांच्याइतकं नेटकं ते गावात दुसऱ्या कुणाला जमत नसे.

आदल्या वर्षी समितीतल्या एकानं आपल्या साडूच्या मुलाला कीबोर्ड देऊन चाळीस मिनिटं मंचावर बसवलं होतं. पेपरात छापून आलं, शोभा झाली. म्हणून यंदा डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "आपापल्या घरची माणसं आपापल्या घरी गाऊ द्या. इथं नकोत."

त्यानंतर अश्वजितनं खिशातून मोबाइल काढला. अश्वजित कॉलेजात मराठी शिकवणारा तरुण. सुट्टीत गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायचा. "नायगाव तालुक्यातल्या आजी आहेत," तो म्हणाला. "ऐका नुसतं."

आधी जात्याची घरघर आली, मग आवाज.

*दळन दळू बाई, पीठ पडं भराभरा*
*भीमानं देली पाटी, लेक काढिती अक्षरा*

मॅडमच्या हातातली बशी कलंडली आणि चहा साडीवर सांडला. पहिल्या "बाई"लाच त्यांनी आवाज ओळखला होता. ती त्यांची मावशी होती, केवळाबाई.

"मॅडम, तुमचं माहेर नायगावकडचंच की," डॉक्टर म्हणाले. "ओळखता का ह्यांना?"

"नाही."

नियम आहे म्हणून आपण असं म्हणालो, असं त्यांनी रिक्षात बसेपर्यंत स्वतःला पटवूनही दिलं. पण तो शब्द तोंडातून गेला त्या घटकेला त्यांच्या डोळ्यांपुढे नियम नव्हता. डोळ्यांपुढे होती ती मिश्रीनं काळवंडलेल्या हिरड्या दाखवत मंचावरून हाक मारणारी म्हातारी, "अगं ए फुले!" आणि त्या हाकेसरशी वळून बघणारे चारशे चेहरे.

मॅडमचं पूर्ण नाव पंचफुला. शाळेच्या मस्टरवर पी. एस. सोनाळे. आई वारली तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. मावशीला नवऱ्यानं टाकलेलं, मूलबाळ नाही; तिनं बहिणीची पोर पदरात घेतली. बहात्तरच्या दुष्काळात केवळाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी आणायची आणि स्वतः पाणी पिऊन झोपायची. पोरगी शाळेत हुशार निघाली तशी तिला नांदेडच्या वसतिगृहात नेऊन घातलं. वरच्या शिक्षणालाही मावशी मागं सरली नाही, बी.एड.ला पोरगी लातूरला गेली. तिथं वर्गात "पानी" म्हटल्यावर मागच्या बाकावरून हसू आलं होतं. पंचफुलानं त्या वर्षी आरशापुढे उभं राहून जीभ सुधारली. पाणी, लोणी, कोण, आणि. पुढं नोकरी लागली, पाटबंधारे खात्यातल्या साहेबराव सोनाळ्यांशी लग्न झालं, नांदेडात घर झालं.

मावशी वर्षातून दोनदा यायची. येताना हुरडा, जवस, तुरीची डाळ आणायची. कोच रिकामा असला तरी स्वयंपाकघराच्या दाराशी भुईवर बसायची. बाहेर पाहुणे आले की आपण होऊन मागच्या पडवीत जायची. मॅडमनी तिला कधी मागं जा म्हटलं नाही, आणि कधी पुढं ये असंही म्हटलं नाही.

त्या रविवारी घरी आल्यावर त्यांनी साहेबरावांना सगळं सांगितलं. साहेबराव तूर निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. "म्हणजे नियम मोडू नये म्हणून तू मावशीच मोडीत काढली म्हण की."

"तुम्हाला चेष्टाच सुचते."

"अजून काही बिघडलं नाही. डॉक्टरला फोन लाव. एका शब्दाचं काम आहे."

मॅडमनी फोन लावला, पण डॉक्टरांना नाही.

"मावशी, काय करून राहिलीस?"

"काय न्हाई, बसले. आगं फुले, आत्ताच त्या पोराचा फोन आल्ता बग, अश्वजितचा. नांदेडला गायाला बलावलंय म्हनतो! तू बी हायेस न्हवं तितं?"

"हाय ना. म्हणून तर फोन केला. मावशी, तिथं नियम हाय. समितीतल्या लोकांचं नातं नको गाणाऱ्याशी. तर तू… तिथं मला ओळख दाखवू नको."



"हाव," केवळाबाई म्हणाली. "नियम हाय तर हाय. मला काय करायचंय! गायाचं अन् यायाचं."

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊला अश्वजितनं तिला गाडीनं आणलं. निळी इरकल, डोक्यावर पदर, पायात नवी स्लीपर. मंचामागं कलाकारांची ओळख चालली होती तिथं ती हात जोडत सगळ्यांपुढून गेली. मॅडमपाशी आली तेव्हाही तसेच हात जोडले.

"नमस्कार, मॅडम."

एवढं चोख तिनं करावं असं मॅडमनी सांगितलं नव्हतं. त्यांनीही हात जोडले.

मंचावर जातं मांडलेलं होतं. कुणीतरी हौसेनं त्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, रांगोळी काढली होती. केवळाबाईनं त्याच्यात डोकावून बघितलं.

"दानं कुटंयत?"

"दाणे नाहीत, आजी," अश्वजित म्हणाला. "नुसतं फिरवायचं. दिसायला."

"रिकामं जातं फिरवत्यात व्हय रं? कुनी शिकवलं तुला?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मास्तर हायेस न्हवं तू? जा, जोंधळं आन पायलीभर."

माणिकप्पा डॉक्टर स्वतः मंडपाबाहेरच्या दुकानात गेले आणि ज्वारीची पिशवी खांद्यावर घेऊन आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत ट्युनिशियाहून आलेली जोहरा नावाची गायिका बसली होती, पन्नाशीची, तिनं तर उठून टाळ्या वाजवल्या. तिच्या गावाकडेही हातानं फिरवायचं जातं होतं. सकाळीच तिनं मॅडमना तसं सांगितलं होतं. केवळाबाईनं तिला 'जोहराबी' करून टाकलं होतं आणि एकमेकींचं अक्षर न कळता दोघी चहाच्या टेबलापाशी पाव तास बोलल्या होत्या.

मग ती बसली, पाय पसरले, पहिली मूठ घातली. पीठ पडायला लागलं आणि मांडव गप्प झाला. ती भीमाच्या ओव्या गायली, भावाच्या गायली, शेताच्या गायली. कुठं कागद नाही, कुठं अडखळणं नाही. पाऊण तास झाल्यावर अश्वजित माइकवर म्हणाला, "आजी, शेवटी लेकीबाळीची एखादी होऊ द्या."

केवळाबाईनं मूठभर ज्वारी घातली. मॅडमना आधीच कळलं कोणती येणार ते. लहानपणी ती ओवी ऐकतच त्यांना जाग यायची.

*बहीन गेली माझी, लेक देऊन पदरात*

पुढं नाव यायचं. त्या ओवीत दुसरं काही बसतच नव्हतं. चार अक्षरांची ती जागा त्या नावासाठीच घडलेली होती. *पंचफुला माझी बाई, दिवा लागला घरात.*

जातं फिरलं. आवाज आला नाही. ओठ मिटलेले, नुसती घरघर. एक फेरा तसाच गेला, आणि मग ओळीचं उरलेलं तेवढं आलं.

*…माझी बाई, दिवा लागला घरात.*

लोकांना काही कळलं नाही. टाळ्यांचा पाऊस पडला. मॅडमच्या मांडीवरची वही खाली घसरली, ती उचलायला त्या वाकल्या आणि हवं त्याहून जास्त वेळ वाकून राहिल्या.

गाण्यानंतर पाहुण्यांनी प्रश्न विचारायचे, असा कार्यक्रमाचा रिवाज होता. मॅडमना माइक घेऊन मंचावर जावं लागलं. जोहरा त्यांच्या आधीच जात्यापाशी जाऊन बसली होती. तिनं माइकशिवायच, हळू आवाजात इंग्रजीत विचारलं ते असं: "आमच्याकडे दळताना गातात त्या गाण्यात माणसाचं नाव घालतात. ह्यांनी शेवटच्या ओळीत एक नाव गाळलं. हात फिरला आणि आवाज थांबला. ते नाव कुणाचं, विचाराल?" बोलताना तिनं हवेत हाताचा एक फेरा काढून दाखवला.

मॅडमनी माइक तोंडाशी नेला. मराठीत म्हणाल्या, "त्या विचारतात, ओव्या तुम्ही कुणाकडून शिकलात?"

केवळाबाईनं जोहराच्या हाताकडे बघितलं, मग मॅडमकडे. "आयकडून. अजून कुनाकडून शिकनार, मॅडम?" मांडव हसला.

जोहरा वाट बघत होती. तिला उत्तर द्यायला हवं होतं. "त्या म्हणतात," मॅडम माइक बाजूला धरून स्वच्छ, सुंदर इंग्रजीत म्हणाल्या, "नाव विसरले. वय झालं."

जोहराच्या चेहऱ्यावर कणव आली. तिनं केवळाबाईचा पिठाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थोपटला. केवळाबाईला ते कौतुक वाटलं. तीही हसून थोपटायला लागली. अश्वजित शेजारीच उभा होता आणि त्याला इंग्रजी येत होतं. तो हातातल्या कागदाकडे बघू लागला आणि मॅडम खाली उतरेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

शाल झाली, श्रीफळ झालं. दुपारी जेवणानंतर गाडीपाशी दोघीच होत्या तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मावशी, घरी चल ना. दोन दिवस राहा."

"नगं, मॅडम. तुरी काढायच्यात."

"अगं, आता कुणी नाही इथं."

"व्हय की." केवळाबाई ओशाळून हसली. "सकाळधरनं तेच चाललंय बग. जिभंला वळन पडलं." आणि गाडीत बसली.

पुढच्या रविवारी हिशेब, आभार वगैरे करायला समिती पुन्हा बसली. अश्वजित कोपऱ्यातल्या खुर्चीवर होता. चहा यायच्या आत मॅडम म्हणाल्या, "मला एक सांगायचंय. केवळाबाई माझ्या मावशी आहेत. त्यांनीच मला वाढवलं. मी इथं नाही म्हणाले, ते खोटं होतं."

डॉक्टर हसायला लागले. "अहो मॅडम! मग सांगायचं नाही का? आम्ही मिरवलं असतं तुम्हाला! तो नियम त्या कीबोर्डवाल्यासाठी होता हो. मावशीला कोण नको म्हणणार?"

बाकीचेही हसले. कुणीतरी म्हणालं, आवाज मॅडमच्या घराण्यातलाच तर. एवढ्यात चहा आला. मॅडमना वाटलं होतं, बोलणी बसतील, बसायला हवीत. नियमाचा आडोसा तेवढा गेला आणि मागं काय होतं ते त्यांचं त्यांना उघडं दिसलं. अश्वजित हसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गावी फोन लावला.

"मावशी, सांगितलं मी सगळ्यांना. तू माझी मावशी हायस म्हणून."

"आं? अन् नियम?"

"तसा काही नियम नव्हताच म्हणाले. हसले."

"हात् मेले! मंग उगाच," केवळाबाई म्हणाली आणि मोकळा श्वास सोडला. "तुला सांगू, फुले? मला लोकांचं भ्या न्हवतं वाटत. येवढी मानसं, येवढ्या बत्त्या, काय बी न्हाई. भ्या एकच, तुजं नाव निसटल तोंडातून. ती ओवी आली अन् छातीत धडधडाया लागलं. लई ध्यान ठिवलं बग. दात दाबून धरले."

हे ऐकल्यावर गप्प राहणंही खोटंच झालं असतं.

"मावशी, त्या जोहराबाईंनी तेच विचारलं होतं. कुणाचं नाव गाळलं म्हणून. मी तुला भलतंच विचारलं. आणि त्यांना सांगितलं… तू नाव विसरलीस. वय झालं."

"म्यां?"

"हो."

"म्यां इसरले?"

इतक्या वर्षांत मावशीचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. पडवीत जाऊन बसायची तेव्हा नाही, ओळख दाखवू नको म्हटलं तेव्हाही नाही. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता आणि कुणाची तरी मोटारसायकल गेली.

"म्हनून थोपटत व्हती व्हय ती," केवळाबाई हळू म्हणाली. "मला वाटलं, आवडलं तिला."

"आवडलंच होतं, मावशी."

"तिला खरं सांग. बाकी कुनाला काय बी सांग न्हाईतर नगं सांगू. पर ती दळनारी हाय. तिला वाटाया नगं, केवळा ओवी इसरती."

"सांगते."

"आज सांग."

मॅडम संगणकापाशी बसल्या. पहिल्या पत्रात त्यांनी समितीचा नियम लिहिला. तो खोडला. दुसऱ्यात गोंधळ, घाई, गैरसमज असे शब्द आले; मुलींच्या निबंधातून असले शब्द त्यांनी आयुष्यभर लाल शाईनं काढले होते. तेही काढले. साहेबराव चहाचा कप ठेवायला आले आणि पाठीमागं उभे राहून वाचू लागले. मॅडमनी पडदा झाकला नाही.

शेवटी तीन वाक्यं उरली. केवळाबाई नाव विसरल्या नाहीत, त्यांना सगळ्या ओव्या पाठ आहेत. त्या विसरल्या असं मी माझ्या मनानं सांगितलं. त्यांनी गाळलेलं नाव पंचफुला, ते माझं आहे, आणि ते गाळायला मी लावलं.

साहेबरावांनी कप टेबलावर ठेवला. मॅडमनी स्पेलिंग एकदा तपासलं आणि पत्र पाठवलं.