गंध पुसा, साहेब

ठाणेदाराने माझ्या खिशावरची पिन ओढली ती कापड फाडूनच. धम्मचक्राची पिन. अंगठ्याच्या नखाएवढी.

"हे काय आहे बे? ठाणं आहे हे, तुमचा विहार नाही. सरकारी अंगावर धर्म नाही चालत."

आणि पिन खिडकीतून बाहेर भिरकावली. कोठडीत एक बकरीचोर बसला होता. रात्रभर मार खाऊन तोंड सुजलेला. तोही फिदीफिदी हसला.

मला शिपाई होऊन वर्षही झालं नव्हतं. करडी गावच्या आमच्या मोहल्ल्यातला मी पहिला वर्दीवाला. बाप दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यांत चिखल तुडवत म्हातारा झालेला. वर्दी घालून पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा मायने बटणं चाचपून पाहिली होती. त्याच वर्दीचा फाटका खिसा हाताने दाबून मी म्हणालो, "हो साहेब."

भंडारा जिल्ह्यातलं एक ठाणं. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. नाव सांगत नाही. सांगून तरी काय, सगळीकडे तीच गत होती.

आता हा हुकूम सोडणारा माणूस पाहा. कपाळावर उभं लाल गंध, बोटभर जाड. टोपीखाली ते झाकलं जायचं, म्हणून साहेब टोपी मागे सरकवून घालायचे. मनगटात देवीचा गंडा. गळ्यात रुद्राक्ष, आणि तो दिसावा म्हणून वरचं बटण उघडं. शनिवारी आवारातल्या मारुतीला तेल, तेही ड्यूटीवरच्या शिपायाने आणायचं. लघवीला गेले की जानवं कानावर. कधी कधी ते कानावरच राहायचं, आणि साहेब तसेच खुर्चीत बसून फिर्यादीच्या आईबहिणीचा उद्धार करायचे. वा रे धर्म!

पण तो धर्म नव्हता बरं का. माझी पिन म्हणजे धर्म. साहेबांचं गंध म्हणजे संस्कृती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आमचा जमादार जातीने कुणबी, वयाने माझ्या बापाएवढा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काहून नादी लागून राहिला बापू? नोकरी सांभाळ."

सांभाळली. पिन पुन्हा लावली नाही.

मग दसरा आला. आमच्या लोकांचा तो दीक्षेचा दिवस. मोहल्लेच्या मोहल्ले नागपूरला जातात. मी सुटी मागितली. साहेब म्हणाले, "दसऱ्याला शस्त्रपूजा असते. बंदुका कोण पुसणार, तुझा बाप?"

तर आमची माणसं गाड्या भरभरून दीक्षाभूमीकडे जात होती, आणि मी ठाण्याच्या पडवीत बंदुकांना तेल लावत होतो. सरकारच्या बंदुका. त्या चौरंगावर मांडल्या, झेंडूच्या माळा घातल्या. भटजी आला. शेजारच्या गावचा पाटील खास पाहुणा, नारळ-पेढे त्याचेच. भटजीने ठाणेदाराला कुंकू लावलं, मग पाटलाला, जमादाराला, मग बंदुकांना. सगळं एकाच वाटीतलं.

तेवढ्यात आवारात एक बैलगाडी शिरली. पुढे एक बाई चालत होती, कासरा तिच्या भावाच्या हातात. गाडीत धानाच्या तणसावर तिचा पोरगा पडलेला. सतरा-अठराचा. डोकं लुगड्याच्या चिंधीने बांधलेलं आणि चिंधी रक्ताने भिजलेली.

बाई पायरीखालीच उभी राहून बोलू लागली.

"पोरगा दीक्षेले जाऊन राहिला होता जी. हातात निळा झेंडा होता. मोटारस्टँडवर पाटलाच्या पोरानं अन् त्याच्या दोस्तायनं लाठीनं मारलं. डोळा गेला जी माह्या पोराचा."

ठाणेदाराने हात जोडलेलेच ठेवले. मानही वळवली नाही. "आज सण आहे. पूजा चालू आहे, दिसत नाही? उद्या ये."

बाईने वर पाहिलं. ठाणेदाराच्या कपाळाकडे पाहिलं. मग त्याच्या शेजारी मांडी घालून बसलेला पाटील तिला दिसला. त्याच्याही कपाळाकडे पाहिलं. कुंकू दोघांचंही ओलं होतं. ती रडली नाही, भांडली नाही. भावाला म्हणाली, "चाल बापू, गाडी फिरव. आपलं इथं कोनी नाही."

मी तिथेच उभा होतो. हातात शेवटची बंदूक, खाकी अंगावर. तिने मलाही पाहिलं होतं. मी तिच्या हिशेबात त्यांच्यातलाच एक.

मला आधी वाटलं, पिन असती तर ही बाई थांबली असती. आणि लगेच दुसरा विचार आला, त्याने मी हादरलो. ही थांबली असती, पण उद्या जमादाराच्या जातीचा एखादा गरीब माणूस येईल, माझ्या छातीकडे पाहील आणि असाच गाडी फिरवून जाईल. मग ठाणेदारात आणि माझ्यात फरक काय? मार खाऊन आलेल्या माणसाने आधी शिपायाचा देव कोणता ते तपासायचं का? आग लागो असल्या ठाण्याला!

"ए, बंदूक आण इकडे," ठाणेदार म्हणाला. "कुंकू लाव तिला."

"नाही लावत."

"काय?"

"आधी फिर्याद घ्या साहेब. आणि फिर्याद घ्यायला बसायचं तर गंध पुसून बसा. सरकारी अंगावर धर्म चालत नाही, तुम्हीच सांगितलं. मी पाळलं. आता तुम्ही पाळा."

भटजीची घंटा थांबली. पाटील म्हणाला, "ह्याले कोनं भरती केलं जी?"

ठाणेदार नुसता थुंकी उडवत होता. कपाळावर घाम आला आणि ते ठसठशीत गंध नाकावर ओघळलं. एवढीच त्या संस्कृतीची ताकद. मी बंदूक भिंतीला टेकवली, बाहेर गेलो आणि बैलांपुढे उभा राहिलो.

"बाई, जाऊ नको. फिर्याद दिल्याशिवाय जायचं नाही."

तिचा विश्वास बसेना. मी मागे पाहिलं तर जमादार पायरी उतरत होता. त्याने बाहीने आपलं कपाळ खसाखसा पुसलं, पायरीवर बसला आणि म्हणाला, "सांग बाई. पह्यल्यापासून सांग."

पुढचं ऐकून कोणाला बरं वाटणार नाही. पोराचा डोळा गेला तो गेलाच. पाटलाने साक्षीदार फोडले, खटला कोसळला. मी निलंबित झालो, आरोप काय तर पूजेत विघ्न आणलं. चौकशी करणाऱ्या मोठ्या साहेबाने विचारलं, "देवाशी वैर आहे का तुझं?" त्याच्या टेबलावर काचेखाली देवाची तसबीर होती. मी म्हणालो, "देवाशी नाही. त्याला कामावर आणणाऱ्यांशी आहे." मग बदली, जिल्ह्याच्या टोकाला, सिहोऱ्याच्याही पलीकडे. जमादाराची पेन्शन अडवली. माझ्या मायने सहा महिने रोज विचारलं, "काय मिळालं रे तुले?"

आता मी स्वतः जमादार आहे. आमचीच माणसं म्हणतात, आता कोणाच्या बापाला भितो, लाव छातीवर निळं. मी नाही लावत. घरी बुद्ध आहे, विहारात आहे. खाकीवर नाही. लोकांना राग येतो, येऊ द्या.

काल इथे नवा ठाणेदार रुजू झाला. पोरसवदा आहे, चांगला शिकलेला. कपाळ भरून गंध. आल्या आल्या विचारलं, देवघर कुठे मांडायचं.

उद्या सकाळी, पहिला फिर्यादी पायरी चढायच्या आत, मी त्याला सांगणार आहे. गंध पुसा, साहेब. त्याला काय करायचं ते करू दे.