माही पोरगी बोलून राह्यली

कमलबाई गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरनं दिली. सकाळच्या गाडीनं येतो, आमच्या दुकानासमोर चहा घेतो, असा त्याचा रोजचा नेम. त्या दिवशी चहाकडे न वळता तो दारातच उभा राहिला. "रुखसानाबाई, थ्या रेडिओवाल्या कमलबाई गेल्या जी. पहाटे छातीत दुखलं अन् संपलं..." मला आधी काही कळेना. मग त्याच्या तोंडचा शब्द कानात राहिला. रेडिओवाल्या! सारी उमर अंगणवाडीत गेलेल्या या बाईला हे नाव गावातल्या लोकांनी हिणवायला ठेवलं होतं. त्यांनी ते एखाद्या दागिन्यासारखं मिरवलं, आणि हिणवणाऱ्यांचीच जीभ थकली. न्यूझीलंडला त्यांच्या लेकीला, सुषमाला, फोन मीच लावला.

चामोर्शीत आमचं एसटीडीचं दुकान. माझ्या नवऱ्यानं पुढे त्यातच दोन कॉम्प्युटर मांडून नेट सुरू केलं, आणि गल्ल्यावर बसायची मी. कमलबाईंचं गाव इथून बसनं थोडं आत, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं. सुषमा त्यांची एकुलती एक. नागपूरला शिकायला गेली आणि वर्गातल्या दुसऱ्या जातीच्या मुलाशी तिनं रजिस्टर लग्न केलं. त्या घरात शब्द चालायचा तो कमलबाईंच्या मोठ्या दिराचा, बापूरावभाऊंचा. त्यांनी काय करावं? जित्त्या पोरीची तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण, घातली. अंगणात पंगती बसल्या, लोक जेवूनही गेले. सुषमाचे वडील दयारामभाऊ मान खाली घालून खांबाला टेकून बसले होते. कमलबाई मात्र सकाळीच घरातून निघाल्या आणि अंगणवाडीत जाऊन पोरांना खिचडी वाढत बसल्या. कोणी बोलवायला आलं तेव्हा म्हणाल्या, "इथी जित्ते लेकरं जेवून राह्यले. तिकडं कोणाचं मयत हाये?"

सुषमा नवऱ्याबरोबर परदेशी गेली. तिथल्या चार मराठी घरांनी मिळून इंटरनेटवर एक लहानसा रेडिओ चालवला होता, त्यावर दर रविवारी संध्याकाळी ती बोलायची. म्हणजे आपल्याकडे सकाळ. माझ्या दुकानाचा मेलचा पत्ता तिला ठाऊक, शिकत असताना सुट्टीत आली की इथूनच तर फोन करायची. तिनं मेल पाठवला, "चाची, आईले माहा आवाज ऐकवाल का?" मी कमलबाईंना निरोप धाडला. पुढच्या रविवारी त्या आल्या. घरी काय सांगून आलात, असं मी विचारलं. "काय सांगाचं? पोरीचा आवाज ऐकायले जातो म्हणलं. खोटं काऊन बोलू? चोरी थोडीच करून राह्यलो!" पदरावरून हेडफोन चढवून बसल्या. टेलिफोनच्या लाइनवरचं ते नेट, सारखं अडकायचं. सुषमा अर्धं वाक्य बोलायची आणि पुढचा शब्द कुठे जंगलात हरवल्यासारखा थांबायचा. कमलबाई घाबऱ्या झाल्या. "हे काऊन अडखळून राह्यली? बरं नाई का तिले?" मी म्हटलं, "लाइन अडखळते बाई, पोरगी ठणठणीत हाये." तेव्हा कुठे त्या हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

एकदा ऐकून त्यांचं भागेना. मग मी त्यांना रेकॉर्डिंग दाखवलं. स्क्रीनवर लाल गोळा दाबला की येणारा आवाज कॉम्प्युटरात जमा होत जातो, नंतर त्याची सीडी करता येते. माउस हातात धरायला त्यांना फार त्रास झाला. बाण इकडे तिकडे पळायचा आणि त्या त्याला शिव्या घालायच्या. पण शिकल्या. लाल गोळा लागला की श्वाससुद्धा जपून घ्यायच्या, जणू त्यांचा श्वासही आत जाईल. सुषमा तिकडून मोहफुलांबद्दल बोलायची, रोवण्याच्या, म्हणजे धान लावतानाच्या, गाण्यांबद्दल बोलायची, आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत बोलायची. नागपूरला ज्या बोलीवरून पोरी तिला हसायच्या, त्याच बोलीत आता ती साऱ्या जगाला नमस्कार करत होती.

मग लोडशेडिंगचे दिवस आले. रविवारी नेमकी कार्यक्रमाच्या वेळी लाइट जायची. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली. एका रविवारी पाहते तर कमलबाई बसमधून उतरताहेत, आणि मागून कंडक्टर धापा टाकत ट्रॅक्टरची बॅटरी उतरवतोय! घरचा, म्हणजे बापूरावभाऊंच्या ताब्यातला ट्रॅक्टर. मी म्हटलं, "बाई, हे काय केलं?" त्या म्हणाल्या, "आज रविवार हाये. ट्रॅक्टर बी सुट्टी घेईन."

ती बॅटरी इन्व्हर्टरला जोडली, कार्यक्रम सुरू झाला, लाल गोळा लागला, आणि थोड्याच वेळात बापूरावभाऊ मोटरसायकलवर दुकानाच्या दारात हजर. आवाज चढलेला. "मेलेल्या पोरीसाठी माहा ट्रॅक्टर उभा केला तुनं?" कमलबाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी हेडफोनची वायर उपटली. स्पीकर खुले झाले आणि सुषमाचा आवाज दुकानभर पसरला. ती हसत काहीतरी सांगत होती. "मेली म्हणता न? मंग हे कोण बोलून राह्यली, भाऊजी? ओळखा आवाज." बापूरावभाऊ क्षणभर थांबले. मला वाटलं, विरघळले. पण नाही. पुढे झाले आणि बॅटरीच्या तारा ओढून काढल्या. "माह्या आईच्या हातची आंबील..." एवढं बोलून सुषमा अंधारात गेली. बॅटरी उचलून ते निघून गेले. मी कमलबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी हलकेच काढला. रडण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता. "बॅटरी त्याची होती, नेली. आवाज थोडीच त्याचा हाये?"

महिनाभरात आमच्याकडचा एक जुना कॉम्प्युटर त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतला. गावात नेट नव्हतं. रविवारी इथे यायचं, रेकॉर्ड करायचं, सीडी घेऊन परत जायचं. मी सुचवलं होतं की आतल्या खोलीत ठेवा, उगाच भांडण नको. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आत ठेवलं तं लपवल्यावाणी होईन." कॉम्प्युटर ओसरीत ठेवला, रस्त्याकडे तोंड करून. लाइट असेल तेव्हा सुषमा गावाशी बोलू लागली.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. जातीतल्या मोठ्यांनी ठरवलं की त्यांच्या रोवण्याला कोणी जायचं नाही. चिखल तयार, परे, म्हणजे धानाची रोपं, तयार, माणूस एक नाही. मी आणि माझी जाऊ शबाना गेलो. आयुष्यात कधी धान रोवलं नव्हतं. आम्ही रोवलेले परे मागे पाण्यावर तरंगत यायचे आणि कमलबाई कंबरेवर हात ठेवून हसायच्या, "हे रोवणं नाई बाई, हे विसर्जन हाये!" मग एका दुपारी गावातल्या दोघीजणी लुगडी खोचून गपचूप बांधीत उतरल्या. त्यातली सुमनबाई म्हणाली, "आमच्या बी पोरी नागपूरले शिकून राह्यल्या. उद्या आमच्या अंगणात पंगत बसवतीन हे लोक." तरी त्या साली निम्मी जमीन पडीकच राहिली. त्या पडीक बांध्यांकडे पाहून कमलबाईंनी कधी उसासा टाकल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतर सुषमानं आईला कार्यक्रमात बोलायला सांगितलं. माझ्या दुकानात माइक जोडून आम्ही ते रेकॉर्ड केलं आणि तिला पाठवलं. कमलबाई आधी पदर सारखा करून बसल्या, जसं कोणी बघणारच होतं. मग बोलल्या. "मी कमल. सुषमाची आई. आमच्या घरी इची तेरवी झाली. मी थ्या पंगतीत जेवलो नाई. माही पोरगी मेली नाई. थे बोलून राह्यली, तुमी ऐकून राह्यले. जे मेली म्हणते त्यायनं कान तपासून घ्यावे." बस, एवढंच. हे रेडिओवरून गेलं आणि पुढच्या सुट्टीला ओसरीतूनही वाजलं, पूर्ण आवाजात. भिंतीला भिंत लागून बापूरावभाऊंचं अंगण. ते खुर्चीवरून उठले आणि भर उन्हात शेताकडे निघून गेले.

आईच्या तेरवीला सुषमा आली. कितीतरी वर्षांनी त्या अंगणात तिनं पाय ठेवला. बापूरावभाऊ म्हणाले, "जिची तेरवी झाली, थे तेरवीले कशी बसन?" सुषमा दारातच थांबली. खांबापाशी बसलेले दयारामभाऊ उठले, लेकीचा हात धरला, आपल्या शेजारच्या पाटावर तिला बसवलं आणि म्हणाले, "बस." बापूरावभाऊ न जेवता गेले. अजूनही बोलत नाहीत. न बोलोत.

सुषमा परत गेली त्यानंतर मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. नातेवाईक बसले होते. कमलबाईंचा हार घातलेला मोठा फोटो तयार होऊन आला होता, तो ओसरीत शोभेल असं सगळ्यांचं मत. कोणीतरी म्हणालं, "आता ह्या कॉम्प्युटरचं काय काम? हे टेबल खाली करा, इथी बाईचा फोटो ठिवू." दयारामभाऊंनी फोटो हातात घेतला, थोडा वेळ पाहिला, आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवला. बाहेर येऊन म्हणाले, "फोटो बोलत नाई. हे बोलते. हे इथीच राह्यन." मग खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले. सुरू कसं करायचं ते सुषमानं जाताना शिकवलं होतं. कमलबाईंनी केलेलं एक रेकॉर्डिंग त्यांनी लावलं. सुषमा बोलू लागली, पण फार हळू. दयारामभाऊंनी शेजारच्या अंगणाकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे वळले.

"रुखसानाबाई, आवाज वाढवाचं बटन कोणतं हाये?"