रेडिमेड भिंत आणि फूटभर फट

आमचे हे आणि मोठे भाऊजी, दोघं सख्खे भाऊ, बोअरची मोटार कोणी चालू ठेवली यावरून भांडले आणि अंगणात भिंत घालायचं ठरलं. विटांची भिंत म्हटली की आठ-पंधरा दिवस जाणार, तेवढ्यात राग निवायची भीती. म्हणून निफाडच्या रस्त्यावरच्या कारखान्यातून सिमेंटची रेडिमेड भिंत मागवली. खाचा असलेले खांब पुरायचे, खाचांत वरून फळ्या सोडायच्या, झालं काम. आज खांब रोवले, उद्या फळ्या सोडल्या, परवा घराची दोन घरं.

जीव माझा कासावीस झाला. भाकरी थापण्यापासून द्राक्षाचे घड हाताळण्यापर्यंत सगळं मला जाऊबाईंनी शिकवलं. संध्याकाळचा चहा त्यांच्यासोबत घेतल्याशिवाय मला दिवस गेल्यासारखा वाटत नाही. आता काय भिंतीला कान लावून प्यायचा?

त्यात फळ्यांना एकाच अंगाला फुलांची नक्षी, दुसरं अंग सपाट. फुलं कोणाच्या बाजूला? हे म्हणाले आमच्या, भाऊजी म्हणाले मी थोरला. एकमेकांशी बोलायचं नाही, म्हणून सगळा वाद कारखान्याच्या माणसामार्फत. त्यानं वैतागून एक फळी इकडे तोंड करून बसवली, एक तिकडे.

शेवटाला गोठ्याजवळ जेमतेम फूटभर जागा उरली. तो म्हणाला, "फळी सात फुटांचीच येते. कापली तर आतली तार उघडी पडते." आमचं अंगण काही सातच्या पाढ्यात बसेना. तेवढं विटांनी बुजवायचं, पण विटा आणायच्या कोणी?

"ज्याला माझं तोंड बघायचं नाय त्यानं बुजवावं," भाऊजी फुलांकडे बघून म्हणाले.

"माझं काय अडलंय?" हे सपाट बाजूला म्हणाले.

मग काय, जाऊबाई अंग चोरून त्या फटीतून चहाला येऊ लागल्या. पण आज विटा येतात की उद्या, या धास्तीनं मी रोज रस्त्याकडे नजर लावून बसायची.

छाटणी झाली आणि भाऊजींना ताप भरला. त्याच आठवड्यात धुणं धुताना दिसलं, ह्यांच्या शर्टाला पोटावर नि पाठीवर सिमेंटचे ओरखडे. विचारलं तर म्हणाले, "गोठ्यात बैलानं रेटलं." ट्रॅक्टर आल्यापासून आमच्याकडे बैल नाही.

परवा गोठ्याचा ओटा करायला गवंडी आला होता. चार विटा उरल्या तशी त्याची नजर फटीवर गेली. "एवढं बुजवून टाकतो की, वेगळे पैसे नकोत."

पलीकडे जाऊबाई हातातलं सूप घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"राहू दे," भिंतीच्या दोन्ही अंगांनी एकदमच आवाज आला.

गवंडी एकदा इकडे बघी, एकदा तिकडे.

शेवटी हे भिंतीला म्हणाले, "वारा येतो तिथून."

पलीकडून भाऊजी म्हणाले, "हां, वारा लय चांगला येतो."