हरकतीची मुदत

१९५५, नारळी पौर्णिमेनंतरचा सोमवार. ठाण्याची मासेमारी खात्याची कचेरी. हजर: माझे सासरे, म्हणजे डोंबिवली खाडीवरच्या आमच्या कोळीवाड्याचे पाटील, त्यांची थोरली सून मी, टेबलामागे साहेब आणि दोन कारकून.

"तिथंच थांबा," साहेब नाकाला रुमाल लावत म्हणाले. "वास पसरतो."

आम्ही उंबऱ्याबाहेर थांबलो. दोघंही अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गेलो होतो.

खाडीत खुंट ठोकून जाळी लावायची नाहीत, असा नियम येणार होता. आमची सगळी जाळी खुंटांवरच. हरकत सांगायला आलो होतो.

"मुदत संपली. नियम लागू झाला. इतके दिवस झोपला होतास काय?"

"साहेब, पुनवेला नारळ वाहिल्याबिगर आमची जमात पंचायतीला बसत नाय. न् जमातीबिगर मी एकला कसा बोलू?"

"म्हणजे सरकारनं तुमच्या नारळासाठी थांबायचं?"

कारकून हसले. मग मामंजीही हसले. हात जोडून. ज्यांच्यापुढे कोळीवाड्यात कोणी आवाज चढवत नाही, ते. मला लाज वाटली ती मामंजींची. मग तशी वाटली म्हणून स्वतःची.

मी विचारलं, "साहेब, ह्यो नियम सभेनं केला का?"

"कायदा विधानसभेचा. नियम सरकारचे. सध्या सभा भरलेली नाही. भरली की तिच्यापुढं ठेवतील."

"मग सभेला तो बदलता येतो?"

"येतो. पण बदला म्हणून सांगणार कोण? तू?"

"हो," मी म्हणाले. आवाज बाहेर आलाच नाही. रस्त्यावर तोच शब्द मोठ्यानं म्हटला. मामंजी म्हणाले, "गप ऱ्हा गो."

दुसऱ्या दिवशी मी एकटी कल्याणला आमदारांकडे गेले.

"दुरुस्ती मांडता येते, बाई," ते म्हणाले. "पण मागणं सगळ्या जमातीचं हवं. एकट्या बाईसाठी उठलो तर सभेत हसतील मला. आणि अधिवेशन संपायच्या आत, बरं का."

अधिवेशन सुरू झालं आहे. मामंजी म्हणतात, पुनवेला जमात बसली ती हरकतीपुरती; आता ती शिमग्याला बसेल, रीतच तशी. तोवर सभा उठलेली असेल आणि आमचे खुंट उपटलेले.

आमच्यात बाई जमातीत बसतसुद्धा नाही. मी जमात बोलावणार आहे. शिमग्याआधी. मामंजींना विचारून नाही, सांगून.

त्यांना सांगायचं मात्र अजून राहिलं आहे.