ताईची पंगत

चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीत माझी ताई पंगतीच्या अगदी मधोमध जाऊन बसली, आणि मठ्ठा वाढता वाढता माझा हात थांबला.

किती वर्षं ती दाराजवळची, कडेची जागा धरायची! मोठ्या आतड्याला सूज, जखमा, रक्त. दोन घास पोटात गेले की उठून पळावं लागायचं. आमच्याकडे पंगतीतून मध्येच उठणं बरं दिसत नाही, म्हणून पुढे तिने पंगतच सोडली. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "औषधांनी हात टेकले. आता आतडं काढायलाच हवं." शौचासाठी पोटावर कायमची पिशवी येणार म्हणून ती खूप रडली. मीही रडले, तिच्या नकळत.

ऑपरेशनला वर्ष झालं. पिशवी आहेच, ती साडी जरा वर नेसते, एवढंच. शरीरातलं काही काढून टाकलं की माणूस उणा होतो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

"मठ्ठा वाढतेस की नुसती बघत बसतेस?" ताई म्हणाली.

घास बारीक चावून खायचा, असं डॉक्टरांनी तिला बजावलंय. त्यामुळे सगळ्यांची पानं आटोपली तरी तिची जिलबी अर्धी उरली होती. शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठायचं नसतं. माणसं उष्टे हात तसेच धरून गप्पा मारत बसून राहिली.

नेहमी सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या माझ्या ताईसाठी आज अख्खी पंगत थांबली होती. आणि तिला कसलीही घाई नव्हती.