किसनतात्यांची कॅसेट

आमच्या गाण्याच्या पार्टीचे किस्से सांगायला बसलं की सुरुवात हसण्यानं होते आणि चहा येईपर्यंत सगळे गप्प होतात. वाजवणारे लोक एकत्र आले की गोष्टी साचायच्याच. आमच्या मात्र सगळ्या एकाच माणसाभोवती साचल्या.

किसनतात्या. तुळजापूरजवळच्या एका खेड्यातले. भीमजयंतीच्या जलशात दिमडी वाजवत आयुष्य गेलेलं. मोठ्या दुष्काळानंतर दहा-बारा वर्षांनी त्यांची गाणी गिटार आणि ड्रमवर बसवून कॅसेट काढायची, असं आमच्या डोक्यात आलं. गिटार माझी, ड्रम रफिकचे.

* * *

पहिली प्रॅक्टिस समाजमंदिरात. मी गिटार ॲम्प्लिफायरला जोडली आणि ती अशी किंचाळली की बाहेरची कुत्री भुंकायला लागली!

तात्यांनी दिमडी खाली ठेवली. "हिला काय दुखतंय रं?"

"काही नाही तात्या, आवाज जास्त झाला."

"मग दुखत नसताना रडती कशाला?"

त्या दिवसापासून मी आवाज निम्म्यावर आणला.

* * *

त्यांचं मुख्य गाणं एकच. 'ऊठ गं सोने, पाटी राहिली रिकामी.' सोनाबाई म्हणजे त्यांची बायको. दुष्काळी कामावर खडी वाहताना उन्हात बसली, ती उठलीच नाही. तात्या शेजारीच खडी फोडत होते. त्यांना वाटलं, दमली असेल. म्हणून ते मस्करीत हाका मारत राहिले, "ऊठ गं सोने, पाटी राहिली रिकामी!"

गाण्याची पहिली ओळ अशी जमली, हे त्यांनी आम्हाला बिडी विझवता विझवता सांगितलं.

* * *

रफिक लग्नाच्या बँडमधून आलेला. त्याला सगळं जोरात आणि पळत लागायचं.

"तात्या, जरा फास्ट घेऊ. पब्लिकला मजा येती."

"तुझी घाई कळती मला. पर मला पोचायचं कुठं हाय?"

महिनाभर गाणं बैलगाडीच्या चालीनं चाललं. मग रफिकची अम्मी वारली. काही दिवसांनी तो प्रॅक्टिसला आला आणि काठ्या घेऊन बसला.

तात्या म्हणाले, "आज तू म्हणशील तसं."

रफिकनं ड्रम असे बडवले की खिडकीची काच थरथरली. तात्या त्या वेगाच्या मागं धापा टाकत गायले. मी कसाबसा तारा छेडत राहिलो. गाणं संपलं तेव्हा रफिकचा शर्ट भिजलेला आणि तोंडही. त्यानंतर ते गाणं परत हळू घ्या, असं तात्या कधीच म्हणाले नाहीत.

* * *

सोलापूरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "आजोबा, आवाज फार कोरडा लागतोय. पाणी प्या."

तात्या म्हणाले, "दुष्काळातलं गाणं हाय सायेब. वलं कुठनं व्हणार?"

पाणी मात्र प्याले. तांब्याभर!

* * *

कंपनीकडून कॅसेट आली. कव्हरवर तात्यांचा फोटो नव्हताच. डोक्यावर पाटी, ओठाला लिपस्टिक अशी एक गोरीपान पोरगी! मी चिडलो, रफिकनं तर शिव्याच दिल्या.

तात्यांनी कव्हर लांब धरून पाहिलं. "ही सोनी व्हय?"

मी कव्हर परत घ्यायला हात पुढं केला.

"असू दे. तिचा फोटू कधी काढलाच न्हाय. आता लोक म्हणतील, किसनाची बायको लई देखणी होती."

* * *

एकदा सास्तूरला कार्यक्रमासाठी एसटीतून उतरलो. ऊन कलत होतं. समोरून वरात आली. ट्रॅक्टरवर कर्णे बांधलेले आणि त्यातून आमचीच कॅसेट! रफिकचे ड्रम, माझी गिटार, तात्यांचा आवाज. 'ऊठ गं सोने...' आणि त्यावर पोरं टोप्या उडवत बेभान नाचत होती. करवल्या फुगड्या घालत होत्या. नवरदेवसुद्धा मान हलवत होता.

मला कुठं तोंड लपवू असं झालं. रफिक ट्रॅक्टरकडं धावलाच होता. तात्यांनी त्याचा दंड धरला.

"बंद करायला सांगतो तात्या. त्यांना माहीत नाही ते."

"नगं."

"अहो, पण नाचायलेत त्यावर!"

"नाचू दे. ती गेली तवा समदा गाव पोट भरायला बाहेर पडला व्हता. तिच्यामागं चालायला चार माणसं घावली न्हाईत."

वरात पुढं सरकली. तात्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि मान खाली घालून सगळ्यांच्या मागं चालायला लागले.