जावईबापूंचं तिकीट आणि माझी पोपटी साडी

फुटबॉलच्या वर्ल्डकपचा विषय निघाला की आमच्या थोरल्या जाऊबाई मला हटकून विचारतात, "यंदा कुठल्या रंगाची नेसून बसणार?"

"अक्का, मागच्या खेपेला मी मैदानात नव्हतेच," असं मी सांगते. त्यावर त्या शेजारणीला म्हणतात, "बघ, एवढं करून आली, पण जरा घमेंड न्हाई बाईला."

हे सगळं जिच्यामुळं झालं ती बाई म्हणजे मागच्या वर्ल्डकपाच्या वेळची मी. तेव्हा मी तरुण होते, बासष्ट वर्षांची. अक्कल यायची होती. गुडघे दुखायला लागल्यापासून मला दुसऱ्यांना पळताना बघायचा छंद लागला होता. बावीस धट्टेकट्टे गडी दीड तास पळतात आणि आपण बाजेवर पाय लांब करून त्यांना नावं ठेवायची, यासारखं सुख नाही. मग मनात आलं, आयुष्यात एकदा तरी हा खेळ खुर्चीत बसून, डोळ्यांसमोर पाहायचा. एवढी एकच हौस.

तशात लेकीचा फोन आला. लेक-जावई कतारला असतात, आणि वर्ल्डकप तिथंच भरणार होता. "आई, ह्यांचा नंबर लागला. एका सामन्याचं एक तिकीट मिळालंय. तिकीटवाल्याला घरी पाहुणे बोलावता येतात. येतेस का?"

त्यातलं 'येतेस का' मला नीट ऐकू आलं. 'एका तिकिटा'चाही मी विचार केला, नाही असं नाही. पण आमच्या बाळापुरात लग्नाची एक पत्रिका आली की अख्खं घर जेवायला जातं, वर शेजारची दोन लेकरंही नेतं. तिकीटही तसंच असेल, असं मी धरून चालले. जावयाच्या नावाचं म्हणजे सहकुटुंब सहपरिवार.

यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, "मी आलो तर हळदीला पाणी तुझे ते फुटबॉलवाले देतील काय?" म्हणजे मी एकटीच निघाले.

मग तयारी. मैदानात जागा धरायला लवकर जावं लागणार म्हणून सतरंजी घेतली. 'गोल' म्हणून ओरडायची सवय व्हावी म्हणून हळदीच्या वावरात जाऊन ओरडले, तर पलीकडच्या शेतातला गडी काठी घेऊन धावत आला. "काकू, साप निघाला काय?"

साडीचा प्रश्न सर्वात मोठा. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "पोपटी नेस. एवढ्या गर्दीत आम्हाला टीव्हीवर वळखू आली पाहिजे." हिंगोलीला जाऊन इतकी पोपटी साडी आणली की दुकानदारानंच दोनदा विचारलं, "ताई, हीच देऊ ना?"

गावानं मला यात्रेला निघाल्यासारखं वाटेला लावलं. ओटी भरली, नारळ दिला, वेशीपर्यंत पोचवायला आले. शेजारच्या आपा रडायलाच लागल्या. "दुआ में याद रखना, भाभी." मी म्हटलं, "आपा, मी हजला नाही चालले, फुटबॉलला चालले." त्या म्हणाल्या, "जाना तो उधरीच है ना." आणि सगळ्यांनी बजावलं की आल्यावर मावंदं घालायचं. यात्रेहून आलेल्यानं गावाला जेवण घालायचं आणि तिथं काय पाहिलं ते सांगायचं, हा आमच्याकडचा रिवाज. म्हणजे खेळ न बघता परत यायची सोयच उरली नाही.

कतारला पोचल्यावर लेकीनं सतरंजी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "आई, एक तिकीट म्हणजे एकच खुर्ची!"

सामन्याच्या दिवशी मात्र जावईबापू चहा घेता घेता स्वतःहून म्हणाले, "मामी, तुम्हीच जा. मोबाइलवर नाव बदलून देतो. लेक तुमची गेटपर्यंत सोडील."

आता एखादी शहाणी बाई काय म्हणाली असती? पण मी पडले सासू. "छे, छे! जावयाच्या पुढचं ताट सासूनं ओढायचं का? तुमीच जा."

"खरंच जा मामी. एवढ्या लांबून आलात."

"नको नको. माझं काय, मी घरी बघीन."

आमच्याकडे जेवताना पहिला आणि दुसरा नकार कोणी मनावर घेत नाही. तिसऱ्या आग्रहाला 'बरं, तुमी म्हणताच तर' म्हणायचं असतं. मी पोपटी साडी नेसून, पदराला पिन लावून तिसऱ्या आग्रहाची वाट पाहत उभी होते. जावईबापूंनी घड्याळ बघितलं. "बरं मग, निघतो. थँक यू, मामी!" आणि गेले. बरीच वर्षं परदेशात राहिलं की माणूस सांगितलेलं खरं मानायला लागतो.

लेक ओट्याशी पोट धरून हसत होती. "अगं, तू नको म्हणालीस ना!"

"म्हणाले. पण ऐकायचं असतं का?"

शेवटी मी हॉलमध्ये सतरंजी अंथरली आणि त्याच साडीत टीव्हीसमोर बसले. खेळ बाळापुरात दिसला असता तसाच दिसला. एवढंच की तिथं लाइट गेली नाही.

परतीच्या विमानात मला एकच घोर, मावंद्याला काय सांगू? शेवटी ठरवलं, खरं सांगून टाकायचं. पंगत बसली, मी तोंड उघडलं, तेवढ्यात थोरल्या जाऊबाई वाढता वाढता थांबल्या. "ही काय सांगणार? आमीच सांगतो. गोल झाला तशी दोन्ही हात वर करून नाचून राहिली होती! पोपटी साडी!"

"व्हय व्हय, आमी बी पाहिलं," पंगतीतून आवाज आले. आपांनी तर माझ्याबरोबर नाचणारी गोरी बाईसुद्धा पाहिली होती. कुण्या देशाचा बाप्या अंगाला हिरवा झेंडा गुंडाळून नाचला असेल, त्याचं पुण्य माझ्या पदरी पडलं.

"अहो, मी घरी बसले होते!"

"काहून खोटं बोलतीस?" जाऊबाई म्हणाल्या. "तुझ्या मालकाला विचार."

यजमान मान खाली घालून वरणात भात कालवत होते. "दिसली मला बी," ते पुटपुटले. आत गेल्यावर मी त्यांना धारेवर धरलं तर म्हणाले, "सगळ्या गावानं वळखलं, मग नवऱ्यानं वळखलं न्हाई म्हणू काय?"

म्हणजे सगळ्या गावानं मला मैदानात पाहिलं. मैदान तेवढं मी पाहिलं नाही.

परवा लेकीचा फोन आला. यंदा वर्ल्डकप अमेरिकेकडे आहे. "ह्यांनी दोन तिकिटं घेतलीत, आम्ही दोघं जाऊन येतो म्हणतोय," असं म्हणाली. आणि मग आईला बरं वाटावं म्हणून, "तू यायचं म्हणालीस तर ह्यांचं तिकीट तुला..."

"व्हय," मी म्हणाले.

फोनवर लेकीच्या मागून जावईबापूंचा आवाज आला, "काय म्हणाल्या मामी? नको म्हणाल्या ना?"

त्यांना नीट ऐकू जावं म्हणून वावरात केला होता तसला आवाज काढून मी पुन्हा म्हणाले, "व्हय!"